पॉलियुरेथेनचे बुश लोअर आर्ममध्ये नीट बसत नाहीत, एक बाजू जाम आणि एक ढिली (घाटंजी, जि. यवतमाळ)

कापूसपेरा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं एकदाच लिहितो, म्हणजे कोणाला परत परत विचारावं लागणार नाही.

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र), खाली चाकाला धरणारा एल आकाराचा पत्र्याचा लोअर आर्म, प्रत्येक आर्मला दोन बुश (आर्म गाडीला जोडतात तिथले गोल, मऊ तुकडे). पुढचा लहान आणि आडवा, मागचा मोठा. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीच्या बऱ्यावाईटाकडे वळतो. असा आर्म कितीतरी गाड्यांना आहे.

आमच्या फाट्यापासून गावापर्यंत चार किलोमीटर रस्ता काळ्या मातीवरून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन जातं. त्यावर दोन वर्षांत पुढचे रबरी बुश तीनदा फाटले. दर महिन्याला आईला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावं लागतं, यवतमाळ-कळंब-देवळीवरून जाऊन-येऊन दोनशेच्या वर होतात. मध्येच काही तुटलं तर आईला घेऊन कुठे थांबायचं, हाच घोर.

म्हणून यावेळी पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा, थोडक्यात पॉलीचा) किट ऑनलाइन मागवला आणि चारही बुश मंगळवारी तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजात बसवून घेतले. तेव्हापासून गाडी आधीपेक्षा वाईट चालून राहिली आहे.

डाव्या आर्ममध्ये पुढचा बुश जातच नव्हता. मिस्त्रीनं कडेनं थोडा तासला आणि प्रेसवर दाबून बसवला. आतली लोखंडी स्लीव्हसुद्धा (बोल्ट जाते ती नळी) प्रेसनंच घालावी लागली, आणि बुशची कॉलर (बाहेरची रुंद कड) फुगून बाहेर आली आहे. उजव्या आर्ममध्ये तोच बुश नुसत्या हाताच्या दाबानं गेला, म्हणून तो मला ढिला वाटतो. दोन्हीकडे बोल्ट आवळल्यावर आर्म हातानं हलत नाही. गाडी पुढून दोन बोटं उंच दिसते, डावीकडे ओढते, वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि गतिरोधकावर कुंईऽऽ असा आवाज येतो. परवा सेवाग्रामला गेलो तेव्हा आई काही बोलली नाही, पण प्रत्येक गतिरोधकाला तिनं दारावरची मूठ घट्ट धरली होती.

मिस्त्री म्हणतो हजारेक किलोमीटर चालवा, आपोआप बसेल. बसेल का?

---

बैलबंडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.०२

नाई बसत भाऊ. मी बी असंच आयकलं होतं अन् आठ महिने वाट पायली. रबर नरम पडते, पॉली नाई पडत. जसा बसवला तसाच राहते. शेवटी माह्या गाडीच्या ब्रॅकेटले, म्हंजे आर्म गाडीले धरते त्या पत्र्याले, चीर गेली तवा खोलून पायलं. तुमी आईले घेऊन जाता, वाट पाहू नोका. अन् खोलायच्या आधी फोटो काढून ठेवा.

---

पाना_बारा_तेरा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२५

माझी सगळी नोकरी वर्कशॉपात गेली, आता वणीला घरीच असतो. आधी हे समजून घ्या की रबरी बुश आणि पॉली बुश दिसायला भाऊ असले तरी काम अगदी वेगळ्या रीतीनं करतात.

रबरी बुशात रबर हे बाहेरच्या लोखंडी डबीला आणि आतल्या स्लीव्हला भट्टीत चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा कुठेच काही घासत नाही, रबरच पीळ खातं आणि परत येतं. पॉली चिकटवलेला नसतो. तो दोन टोप्यांसारखा दोन्ही बाजूंनी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, बसतो, आणि त्याच्या आत स्लीव्ह फिरते. म्हणजे ते बेअरिंगच झालं. फिरायला जागा नसली की बेअरिंग जाम, तसंच इथे.

त्यामुळे पॉलीत तीन मापं जुळावी लागतात. बाहेरून तो डोळ्यात घट्ट हवा, पण चेंगरलेला नको. आत स्लीव्ह ग्रीस लावून अंगठ्याच्या जोरानं जायला हवी. आणि तिसरं लोक नेहमी विसरतात: स्लीव्ह ही पॉलीच्या एकूण लांबीपेक्षा किंचित जास्त हवी, अर्धा मिलिमीटर समजा. बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही कान (दोन बाजूंचे पत्रे) स्लीव्हवर दाबले गेले पाहिजेत, पॉलीवर नाही. स्लीव्ह आखूड असेल तर बोल्ट पॉलीलाच चिमटीत धरतो. मग आर्म फिरणार कसा? तुमची गाडी पुढून उंच राहते ती त्यामुळेच असणार. स्प्रिंग दाबली जायला आर्म वर जाऊ द्यायला हवा ना.

तुमच्या डाव्या बाजूबद्दल मला दाट शंका आहे की जुन्या रबरी बुशची डबी आर्ममध्येच राहिली आहे. काही किट डबी ठेवून बसवायचे असतात, काही काढून. किटमध्ये कागद आला होता का? खोला, व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) मोजा, आकडे इथे टाका. तोवर लांब जाऊ नका.

---

मृगधारा | १० फेब्रुवारी, सकाळी ७.४०

डबी राहिली असेल तर गॅस कटरनं बुश जाळून टाकायचा, डबी लाल करायची, ठोकली की सुटते. आमच्याकडे सगळे असंच करतात.

---

पाना_बारा_तेरा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.१५

असं करू नका, कळकळीनं सांगतो. पॉलियुरेथेन जळताना जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडसुद्धा असतं. बंद गॅरेजात दोन मिनिटं पुरे होतात. आणि पत्र्याचा आर्म लाल केला की डोळ्याचा आकार आणि वेल्डिंग दोन्हीचा भरवसा जातो.

हॅक्सॉचं पातं फ्रेममधून काढा, डबीच्या आत घालून फ्रेम परत जोडा आणि डबीला लांबीनं एक चीर द्या. आर्मचं लोखंड लागायच्या जरा आधी थांबायचं. मग चिरेत बारीक छिन्नी घालून डबीची कड आत दुमडली की ती गुंडाळलेल्या कागदासारखी सुटून येते. वीस मिनिटांचं काम आहे.

---

मृगधारा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.५०

धुराचं माहीत नव्हतं. दोन पोरं कामाला आहेत गॅरेजात, त्यांना आजच सांगतो.

---

कापूसपेरा | १२ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आज दोन्ही आर्म खाली काढले. शेजारच्या गावात ट्रॅक्टरचं काम करणारा एक जण आहे, त्याच्याकडे व्हर्नियर मिळाला. आकडे मिलिमीटरमध्ये, सगळे पुढच्या बुशचे:

उजव्या आर्मच्या डोळ्याचा आतला व्यास ३८.०. डाव्याचा ३५.६. पाना काका, तुमचं बरोबर निघालं. डाव्यात जुनी डबी तशीच आहे, तिची जाडी १.२. पॉली बुशचा बाहेरचा व्यास ३८.२.

म्हणजे उजवीकडे ०.२ चा दाब, आणि तो हातानं गेला. डावीकडे २.६ चा! कडेनं तासूनसुद्धा बुश आत पार चेंगरला होता. बाहेर काढल्यावर अंगावर खोल घड्या दिसल्या, आणि कॉलर एका जागी फाटली आहे.

डोळे तीन-तीन ठिकाणी मोजले, माप एकसारखं आहे. ठोकाठोकीत चपटे झाले नाहीत एवढं नशीब.

लांबी: जुन्या रबरी बुशची स्लीव्ह ४६.०. किटमधली स्लीव्ह ४५.२. पॉलीच्या दोन टोप्या उजव्या आर्ममध्ये बसवून कॉलरपासून कॉलरपर्यंत ४६.१.

स्लीव्ह पॉलीपेक्षा ०.९ नं आखूड आहे. म्हणजे उजवी बाजू, जी मी ढिली समजत होतो, तीच बाहेरून बरोबर बसली होती आणि जाम झाली ती आखूड स्लीव्हमुळे.

कागद आला होता. मिस्त्रीनं तो खोक्यासोबत टाकून दिला, आणि मीही वाचला नव्हता. विक्रेत्याला फोटो पाठवून दुसरा मागवला. त्यात पहिल्याच ओळीत आहे की जुनी डबी काढून मगच बुश बसवावा. स्लीव्हच्या मापाबद्दल विचारलं तर ‘बदलून देता येणार नाही, बसवलेला माल आहे’ असं उत्तर आलं. फाटलेल्या बुशसाठी नवीन जोडी मात्र विकत दिली.

---

लेथवरचा | १२ फेब्रुवारी, रात्री ९.४५

तुमचे आकडे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे लोक येतात तेव्हा म्हणतात, “जरा मोठा आहे, छोटा करून द्या.” जरा म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

मी यवतमाळला एमआयडीसीत लेथवर असतो. माझं म्हणणं असं. किटची स्लीव्ह ठेवून पॉली ४४.७ पर्यंत घासायची नाही. ब्रॅकेटची रुंदी कंपनीनं ४६.० च्या स्लीव्हसाठी ठेवलेली आहे. ४५.२ ची घातली तर बोल्ट कान आत ओढणार, आणि पत्र्याचे कान रोज ओढलेले राहिले की कधीतरी चीर जाते. वर बैलबंडी भाऊंच्या ब्रॅकेटचं तसंच झालं असावं. म्हणून नवीन स्लीव्ह करा, जाड भिंतीच्या सीमलेस पाइपची, लांबी ४६.० म्हणजे मूळ होती तेवढीच. दोन्ही तोंडं अगदी काटकोनात फेसिंग केलेली पाहिजेत. बाहेरचा व्यास किटच्या स्लीव्हएवढाच, आणि अंगावरून नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. खरखरीत स्लीव्ह पॉलीला कानशीसारखी खाते.

पॉली ४५.५ वर आणा, म्हणजे प्रत्येक कॉलरमधून ०.३. हे लेथवर करू नका. पॉली टूलखाली दबतो, गरम होऊन ओढला जातो, आणि माप मिळत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ठेवा आणि बुश त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. दर वीस फेऱ्यांनी मोजा.

---

तूर_आणि_कपाशी | १३ फेब्रुवारी, दुपारी १.१०

माप जुळेल, पण मला मूळ बेतच पटत नाही. खेड्यातल्या रस्त्याला पॉली कशाला? रबरापेक्षा तो बराच कडक. कडकपणाच्या शोर ए मापात रबरी बुश साधारण ५५ ते ७०, पॉलीचे बहुतेक ८० ते ९५. खड्ड्याचा जो दणका रबर गिळतं तो पॉली बॉडीत पाठवतो. आईसाठी करताय आणि आईलाच दणके.

---

पाना_बारा_तेरा | १३ फेब्रुवारी, दुपारी ४.००

पुढच्या लहान बुशला पॉली चालतो, कारण तिथे आर्म एकाच आसावर फिरतो. मागच्या मोठ्या बुशबद्दल मात्र मी तूर भाऊंच्या बाजूनं आहे. जुना मागचा बुश हातात घेऊन बघा, रबरात दोन पोकळ खिडक्या सोडलेल्या दिसतील. ती बचत नाही. चाक खड्ड्यात आदळलं की आर्मला मागे किंचित सरकता यावं म्हणून ती जागा आहे. किटमधला पॉली तिथे भरीव असणार. मागे रबरच टाका.

आणि कापूसपेरा, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात आहे. रबरी बुश दोन वर्षांत तीनदा फाटले हे मला रस्त्याच्या माथी मारवत नाही. याहून वाईट रस्त्यावर रबर चार-पाच वर्षं टिकलेलं मी पाहिलंय. बसवताना बोल्ट शेवटचा कधी आवळला होता? चाकं जमिनीवर होती का गाडी जॅकवर?

---

कापूसपेरा | १३ फेब्रुवारी, रात्री ९.००

आताच मिस्त्रीला फोन करून विचारलं. तिन्ही वेळा गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि तिथेच बोल्ट पूर्ण आवळला. त्याला यात काही चूक वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटली नसती.

---

पाना_बारा_तेरा | १३ फेब्रुवारी, रात्री ९.२०

तेच कारण. चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की स्लीव्ह ब्रॅकेटला पक्की धरली जाते आणि रबराला ती त्याची आरामाची जागा वाटते. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ पडतो. गाडी अंगणात उभी असली, रात्रभर कोणी बसलेलं नसलं, तरी पीळ तसाच. खड्डा आला की त्याच बाजूला आणखी पीळ. फाटणार नाही तर काय होईल?

रबरी बुशचा बोल्ट चाकं जमिनीवर असताना, गाडीचं वजन स्प्रिंगवर असतानाच शेवटचा आवळायचा. आधी बंपर धरून दोन-तीनदा गाडी दाबून सोडायची, मग पाना लावायचा. तुम्ही पहिल्यांदा असं केलं असतं तर कदाचित पॉलीपर्यंत यायची वेळच आली नसती.

---

बैलबंडी | १३ फेब्रुवारी, रात्री १०.११

बाप्पा! मंग आमच्या इकडच्या निम्म्या गाड्याईचं असंच झालं असनं. मी त आजवर रस्त्यालेच शिव्या देत होतो.

---

कापूसपेरा | २३ फेब्रुवारी, रात्री ९.५०

काम झालं. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

डाव्या आर्मची डबी पाना काकांच्या रीतीनं काढली. चीर दिल्यावर छिन्नीच्या तिसऱ्या ठोक्याला ती आत दुमडली, आणि मागे गंजाचा तांबूस थर निघाला. पॉलिश पेपरनं डोळा साफ केल्यावर माप उजव्याएवढंच, ३८.०. नवीन बुश साबणाचं पाणी लावून हातानंच गेला. मागच्या वेळी इथेच मिस्त्रीनं प्रेसचा दांडा दोन्ही हातांनी ओढला होता.

स्लीव्ह यवतमाळला करून आणल्या, दोन नगांचे ४०० रुपये झाले. पॉलिश पेपरचं काम घरी ओट्यावर केलं, जुन्या आरशाची काच घेऊन. चार टोप्यांना पूर्ण दुपार गेली. पहिली टोपी मी एका बाजूला जास्त घासली, तिरपी झाली. वर जोर दिला की तसं होतं. दुसरीपासून फक्त हाताचं वजन ठेवलं आणि दर वीस फेऱ्यांनी बुश पाव फिरवून धरला, तेव्हा सगळीकडे माप सारखं आलं. तिरपीसुद्धा सरळ करता आली, पण तिथे ०.१ जास्त गेलं.

ग्रीस सिलिकॉनचं घेतलं. आधी मिस्त्रीनं नेहमीचं पिवळं ग्रीस लावलं होतं, ते थोड्याच दिवसांत कडेला ढकललं गेलं होतं आणि त्यात धूळ बसून काळा चिखल झाला होता. स्लीव्हच्या अंगावर आणि कॉलरच्या तोंडावर, दोन्हीकडे सिलिकॉन लावलं.

आता मुख्य गोष्ट. बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारा सांधा) जोडायच्या आधी पुढचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला आणि आर्म हातानं उचलून पाहिला. आधी डावा आर्म हलवायला पायाचा जोर लागत होता, आणि जिथे सोडला तिथेच तो अधांतरी राहत होता. यावेळी बोल्ट पूर्ण आवळलेला असताना आर्म दोन बोटांनी वर आला आणि सोडल्यावर हळूहळू खाली गेला, कुठेही न अडकता. मी आठ-दहा वेळा तेच करून पाहिलं. लहान पोरगी पाहत होती, तिनंही दोनदा उचलून पाहिला.

मागे नवीन रबरी बुश टाकला. त्याच्या खिडक्यांची दिशा ठरलेली असते, बुशवरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवून मगच प्रेस केला. बोल्ट आवळायला ट्रॅक्टरवाल्याकडचा खड्डा मिळाला. चाकं जमिनीवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. गाडी तीनदा दाबून सोडली आणि खालून पाना लावला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला अलाइनमेंट. टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली असतात ते) बराच बिघडलेला होता, तो जुळवला. गाडी पुढून आपल्या उंचीवर आली आहे. डावीकडे ओढणं गेलं, स्टेअरिंग सुटलं की सरळ होतं, कुंई आवाज नाही.

तूर भाऊ, तुमचंही बरोबर आहे. लहान खडीचा थरथराट आधीपेक्षा थोडा जास्त कळतो. पुढचा पॉली मी आता काढणार नाही, पण पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं तर रबर नीट आवळून बघितलं असतं.

---

तूर_आणि_कपाशी | २४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

मागे रबर टाकलंत हे फार चांगलं केलं. अलाइनमेंट दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत तपासा.

---

कापूसपेरा | १७ ऑगस्ट, रात्री ८.१५

पावसाळ्यातली बातमी. सहा हजारांच्या वर चालली. जुलैच्या पावसात रस्त्याची काळी माती चाकात, आर्मवर, सगळीकडे थापली गेली होती. सुकली की ती सिमेंटसारखी बसते, म्हणून आठवड्यातून एकदा नळीनं आर्म धुतो. पाण्याचा जोर थेट बुशच्या कडेवर मारत नाही, ग्रीस निघून जातं.

परवा उजवा पुढचा बोल्ट मुद्दाम खोलून पाहिला. ग्रीस जागेवर होतं, कडेला बारीक मातीची रेघ. पुसून नवीन लावलं. स्लीव्हवर ओरखडा नाही. मागच्या रबराला चीर नाही. मागच्या वेळी पाच महिन्यांतच रबर सुटायला लागलं होतं.

आई काल सेवाग्रामहून येताना कळंबच्या पुढे झोपली, ती घरापर्यंत.

---

धुऱ्यावरचा_निंब | १९ ऑगस्ट, दुपारी १२.२०

सगळा धागा वाचला. माझ्याकडे दुसऱ्या गाडीचा पॉली किट आला आहे, त्याच्या कागदावर जुनी डबी ठेवा असं लिहिलंय. तुम्ही तर काढली. काय करू? मी पांढरकवड्याजवळ असतो.

---

कापूसपेरा | १९ ऑगस्ट, रात्री ९.०५

तुमच्या कागदावर ठेवा असं असेल तर ठेवा, तो बुश तेवढ्याच मापाचा केलेला असणार. तरी डबीच्या आतला व्यास आणि बुशचा बाहेरचा व्यास आधी मोजा. फरक माझ्या उजव्या बाजूसारखा मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांत असेल तर बसवा, त्याहून बराच जास्त असेल तर थांबा आणि इथे लिहा. स्लीव्हची लांबीही मोजा, जुन्या स्लीव्हशी ताडून पाहा. जुना बुश फेकू नका.

व्हर्नियर आता मी स्वतःचा घेतला आहे. गुरुवारी सरकीच्या कामानं पांढरकवड्याला येणार आहे, सोबत आणतो. आर्म काढून ठेवा, दोघं मिळून मोजू.